हवेत आवळलेले बोल्ट

तुम्ही गेल्यावर लोकांनी तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलायला सुरुवात केली की तिसऱ्या दिवशी मला शंका यायला लागली, आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना. मनमिळाऊ, म्हणे. शांत, म्हणे. पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या एका जुन्या सहकाऱ्याने तर डोळे पुसत सांगितलं की साहेबांनी आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. मी त्यांना चहा दिला. त्यात साखर घातली नाही, मुद्दाम.

आज एकवीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला परत गेली. मी हे लिहायला बसले, कारण एक गोष्ट मी तुमच्यापासून दोन वर्षं लपवून ठेवली होती आणि ती सांगायच्या आत तुम्ही उठून निघून गेलात. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची सवय तुम्हाला कधी नव्हतीच. आता मात्र ऐकावं लागेल.

गोष्ट गाडीची आहे. हसू नका. आपल्या संसारात बोलण्यासारखं जे काही झालं ते त्या गाडीत झालं, घरात आपण फक्त भाजी कोणती करायची ते ठरवलं.

रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, बासरी शिकतात. तुम्ही बारा वर्षं जुनी डिझेलची एसयूव्ही आणून मनीषनगरच्या आपल्या एवढ्याशा अंगणात उभी केलीत. तुळशीचं ऊन गेलं. गाडी मागून बसलेली, म्हातारी म्हैस बसते तशी. शॉकअप संपलेले, मागच्या स्प्रिंगांचे पोलादी पाटे सरळ झालेले, सांध्यांतले रबराचे बुश झिजून पापडासारखे. स्पीडब्रेकर आला की मागून धप्प व्हायचं आणि माझ्या पाठीचा एकेक मणका आपली हजेरी द्यायचा. तुम्ही बॉनेटवर थाप मारून म्हणायचात, "हाड मजबूत आहे वं तिचं."

"हाड आहे, सांधे गेले," मी म्हणायचे. "माझ्यासारखंच."

माझे गुडघे तुम्हाला माहीतच होते. पोरांना गणित शिकवत फळ्यासमोर उभं राहून आयुष्य गेलं, ते सगळं गुडघ्यांत साठलं. त्या गाडीत चढणं म्हणजे मला माळ्यावर चढण्यासारखं होतं. मी एकच मागितलं होतं, बाजूला पायदान लावून द्या. साधं लोखंडी पायदान. तुम्ही मला असं पाहिलंत जणू मी गाडीला तोरण बांधायला सांगितलं.

"पायदान लावलं तं गाडी खालून घासते. मंग उंच गाडी घ्यायचा फायदा काय?"

"आपण उंच गाडीतून जाऊन राहिलो कुठं? भाजी आणाले."

"कालव्यावर जातो ना."

हे मात्र खरं. तुम्ही मला कालव्यांच्या कच्च्या वाटांनी न्यायचात. हा दरवाजा मी बसवला, हा बांध माझ्या देखरेखीत झाला, इथे एकदा साप निघाला होता. मी कंटाळल्याचं दाखवायचे. खरं म्हणजे त्या वाटांवर तुम्ही दुसरेच माणूस व्हायचात, एखादं झाड बघून मध्येच गाडी थांबवणारे. पण ते मी तुम्हाला का सांगायचं? तुम्ही तरी मला कधी काय सांगितलंत?

मग एके सकाळी पोहे खाताना तुम्ही जाहीर केलंत. सगळे शॉकअप नवे, मागे नवे पाटे, पुढे नव्या स्प्रिंगा, बुश सगळे नवे. आणि सगळं उघडतोच आहो तं गाडी दीड इंच वर उचलून घेतो.

मी म्हटलं, "आणि मी चढू कशी?"

तुम्ही पोह्यातली मिरची बाजूला काढलीत आणि म्हणालात, "दीड इंचानं काय होते वं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. ते परत येणार आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात जुन्या शहरातल्या महाल भागात तुमच्या मावसबहिणीच्या नातीचा साखरपुडा होता. तुम्ही हट्टाने तीच गाडी घेतलीत आणि महालाच्या त्या गल्लीत ती अशी अडकली की दोन्हीकडच्या दुकानदारांनी पायऱ्यांवरचा माल आत घेतला. निघताना सगळे निरोप द्यायला बाहेर आलेले. तुम्ही मागचं दार उघडून काहीतरी काढलंत आणि माझ्या पायाशी मांडलंत. माझ्या आईने रुखवतात दिलेला पाट. शिसवी, चार कोपऱ्यांत पितळेची फुलं. घरून निघताना तुम्ही तो गुपचूप गाडीत टाकला होता, म्हणजे विचार करून आणला होता.

"महाराणीसाठी पायरी आणली," तुम्ही मोठ्याने म्हणालात. "चढा."

सगळे हसले. मावसबहिणीच्या सुनेने फोटो काढला. ज्या पाटावर माझ्या आईने जावयाला, म्हणजे तुम्हालाच, बसवून पहिलं जेवण वाढलं, त्यावर मी चपलेनं पाय द्यावा, अशी तुमची कल्पना होती. किंवा कल्पनाच नव्हती, जे जास्त वाईट. मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी पायाने पाटावर चढून गाडीत बसले. मनीषनगर येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. तुम्हाला ते कळलंही नाही, तुम्ही गल्लीतून गाडी कशी काढली त्याचंच वर्णन करत होतात.

त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी तशीच चढले. पाट मांडायचा, चपला हातात घ्यायच्या, अनवाणी चढायचं. तुम्हाला वाटलं, बायकोला गंमत आवडली. ती गंमत नव्हती हो, तो तुमच्यावर धरलेला दात होता. मात्र खोटं का बोलू, मी बसल्यावर पाट उचलून तुम्ही तो दर वेळी रुमालाने पुसायचात आणि मगच मागे ठेवायचात. कधी सांगावं लागलं नाही. माफी मागायची तुमची तीच पद्धत होती की नुसती धुळीची चीड होती, हे मला आजही माहीत नाही.

आता मुख्य गोष्ट.

साखरपुड्यानंतर चौथ्या दिवशी आपण सामान आणायला मोरेश्वर मिस्त्रीकडे गेलो. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे त्याचं गॅरेज आहे, समोर टिनाचं शेड, मधे गाडीखाली उतरायचा खड्डा. मोरेश्वर म्हणत होता की काम माझ्याकडेच करा. तुम्ही म्हणत होता की तीस वर्षं खात्याच्या जीपगाड्या सांभाळल्या, मला कोणी शिकवू नये. मग सामान गाडीत भरायच्या वेळी तुम्हाला फोन आला आणि तुम्ही बोलत बोलत रस्त्याकडे गेलात. मोरेश्वर माझ्याजवळ आला.

"बाई, साहेब आयकून नाही राहिले, तुम्ही सांगजा त्याहिले. बुशचे बोल्ट गाडी वर टांगली असतानी आवळायचे नाही. नुसते लावून ठेवायचे. मंग गाडी खाली चाकावर उतरवायची, तिचं वजन तिले घेऊ द्यायचं, दोनदा हालवायची आन् मंग आवळायचे. हवेत आवळलं तं रबर पिळलेलंच राहते. चार-पाच महिन्यात फाटते आन् आवाज करते."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही.

पहिला आठवडा मी स्वतःला म्हणत होते, विसरले. पण मी गणिताची बाई, मला विसरणं आणि न सांगणं यातला फरक कळतो. शाळेत माझी एक पद्धत होती आणि त्यावरून पोरं मला घाबरायची. फळ्यावर मुलाची दुसरीच पायरी चुकली तरी मी बोलायचे नाही. हातातली छडी मागे धरून उभी राहायचे आणि त्याला ते चुकीचं गणित शेवटपर्यंत सोडवू द्यायचे. उत्तर आलं की म्हणायचे, आता ताळा कर. तो पाय घासत परत वर जायचा आणि स्वतःची चूक स्वतः शोधायचा. अशी चूक पुन्हा होत नाही. तुम्ही माझ्या या पद्धतीला राक्षसी म्हणायचात. जेवणाच्या टेबलावर मी तिचे किस्से सांगायचे तेव्हा तुम्हीच म्हणायचात.

तर मी तुम्हाला फळ्यासमोर उभं केलं.

चार रविवार ते काम चाललं. अंगणात गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं काढून कुंपणाला टेकवलेली, आणि गाडीखालून बाहेर आलेले तुमचे दोन पाय. मी बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि पाने द्यायचे. सतरा नंबर. एकोणीस नंबर. रिंग पाना, तो नाही, तो दुसरा. दुसऱ्या रविवारी मला न विचारता कळायला लागलं की आता कोणता लागेल, आणि तुम्ही हात बाहेर काढायच्या आत मी तो पुढे करायचे. एकदा तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "चांगली मिस्त्रीण झाली असती वं तू." तुमच्या कानाला ग्रीस लागलं होतं. मी ते पदराने पुसलं नाही, कारण साडी नवी होती. मला ते चार रविवार फार आवडले. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण आवडले.

चौथ्या रविवारी शेवटचं आवळणं राहिलं होतं. नवे पाटे चढले होते, स्प्रिंगा बसल्या होत्या, गाडी अजून घोड्यांवरच, पुढची चाकं धरणारे आर्म हवेत लोंबणारे. तुम्ही मोठा पाना मागितलात. मी तो हातात धरून ठेवला आणि तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. म्हटलं, "अहो, ऐका ना, हे आधी खाली..."

"तू फक्त पाना दे," तुम्ही म्हणालात. "गणित नाही हे."

मी पाना दिला.

तुम्ही एकेक बोल्ट आवळत गेलात, दर वेळी कण्हत, आणि मी मोजत गेले. शेवटचा आवळून झाल्यावर तुम्ही बाहेर आलात, उठलात, कमरेवर हात ठेवून म्हणालात, "झालं. ह्याले म्हणतात काम." गाडी खाली उतरवली. ताठ उभी राहिली, मागून बसलेली मोडकी म्हातारी एकदम मान वर करून. छान दिसत होती, तेही मी तेव्हा म्हटलं नाही. रबर आत पिळलं गेलं आणि मला ते जणू दिसलं.

पाच महिन्यांनी आवाज आला. मनीषनगरच्या चौकातला स्पीडब्रेकर, आपण दूध घेऊन येत होतो. कुईं. दाराच्या बिजागरीसारखा, पण लांब. तुम्ही चमकलात. मी खिडकीबाहेर पाहिलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

पुढचे काही महिने माझे फार चांगले गेले. तुम्ही ग्रीस भरलंत, तेल फवारलंत, शॉकअप विकणाऱ्याला शिव्या दिल्यात, पाट्यांच्या पट्ट्यांमध्ये जुन्या सायकलची ट्यूब कापून घातलीत. दर रविवारी गाडीखाली. आणि दर सोमवारी कुईं. मी वाट पाहत होते. तुम्ही माझ्याकडे येऊन फक्त एवढं विचारायचं होतं, "कुंदा, काय चुकलं असेल?" तीस वर्षांत एकदा. मी लगेच सांगितलं असतं. चहा करून सांगितलं असतं.

तुम्ही विचारलं नाहीत. त्या पावसाळ्यानंतर आवाज शोधणंही सोडून दिलंत. मला वाटलं, तुम्ही हरलात. आवाज यायचा आणि तुम्ही न बोलता मान वळवून माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, बायकोला ऐकू आलं की काय, एवढंच पाहत आहेत. मी रस्त्याकडे बघत राहायचे, ओठ दाबून.

मग तुमच्या किडन्यांनी हात वर केले.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सुरुवातीला तुम्ही स्वतः गाडी चालवत गेलात, डॉक्टरांचं न ऐकता. मग मी चालवायला लागले आणि तुम्ही बाजूला बसून माझ्या गिअर बदलण्यावर टीका करत गेलात. तुमचे पाय काठ्यांसारखे झाले, पण जीभ जागेवर होती. हा माणूस मरता मरताही मला क्लच शिकवेल, असं मी मुलीला फोनवर म्हटलं होतं.

आणि मग तो सकाळचा प्रसंग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहीत बसले आहे.

गेटसमोर गाडी उभी होती. तुम्ही दार उघडलंत, वरचं हँडल धरलंत, उजवा पाय उचललात. पाय पोचला नाही. पुन्हा उचललात. समोरच्या घरातल्या काकू पाइपने अंगण धूत होत्या, त्यांनी पाइप बाजूला धरला आणि बघायला लागल्या. मी मागचं दार उघडलं, पाट काढला, तुमच्या पायाशी मांडला. मी सरळ मनाने मांडला होता, एवढं तरी माझ्या नावावर जमा करा. पण मान वर केली तर मला तुम्ही दिसलाच नाहीत. महालातली ती गल्ली दिसली, तो फोटो दिसला.

"चढा, महाराज," मी म्हटलं. "दीड इंचानं काय होते?"

काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं.

तुम्ही वाकून चपला काढायला लागलात. तेवढ्यातच तुमचा श्वास संपला. एक पाय पाटावर ठेवलात, हँडल धरून जोर केलात, पाय परत जमिनीवर आला. दुसऱ्यांदाही तसंच. मग तुम्ही हँडल सोडलंत आणि हळूहळू त्या पाटावर बसलात, मांडी न घालता येणारा म्हातारा जेवायला बसतो तसे. तुमच्या नजरेसमोर गाडीचं चाक होतं. तुम्ही त्याच्याकडे बघत म्हणालात, "ऑटो बोलाव वं."

मी ऑटो बोलावला. पाट उचलला. माझ्याकडे रुमाल नव्हता, पदराने पुसला, साडी कोणती होती ते बघितलंही नाही. ऑटोत तुमच्या मांडीला मांडी लागून बसले होते आणि चौक येण्याच्या आत मला पश्चात्ताप झाला होता. पण माझा पश्चात्ताप मनातून जिभेपर्यंत यायला वर्षं घेतो, आणि तुमच्याजवळ सात आठवडे होते.

त्यानंतर तुम्ही त्या गाडीत बसला नाहीत. सात आठवडे ऑटोनेच गेलो. एकदा डायलिसिसच्या खाटेवर तुम्ही पडलेले, यंत्र तुमचं रक्त गोल गोल फिरवत होतं, आणि मी ठरवलं की आज सांगायचं. बोल्टचं सांगितलं की पाठोपाठ बाकीचंही निघेल, असं मला वाटलं. मी खुर्ची जवळ ओढली. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "काहून चूप आहे वं? काही सांगायचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "काय सांगायचं असते?"

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं." त्यानंतर दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी चहा गाळून येईपर्यंत तुम्ही गेला होतात. रविवारच निवडलात.

मुलगी म्हणाली, आई, विकून टाक तो डबा, तू चढणार कशी? म्हणून मी ठेवायची ठरवली. एकटीने चढण्यातली अडचण मला पहिल्याच दिवशी कळली. पाट मांडला, चढले, सीटवर बसले आणि पाट खाली रस्त्यावरच राहिला. उचलून, पुसून मागे ठेवणारा माणूस नव्हता. मी पाच मिनिटं सीटवर बसून त्या पाटाकडे वरून बघत होते. मग उतरले, घरातून वाळवणाची नायलॉनची दोरी आणली आणि पाटाच्या पायाला बांधली. आता चढले की दोरीने पाट वर ओढून घेते, विहिरीतून बादली ओढावी तसा. समोरच्या काकू रोज बघतात. बघू देत.

परवा मी गाडी मोरेश्वरकडे नेली. म्हटलं, बुश बदला. तो आवाज आता मला ऐकवत नव्हता, कारण तो आला की मान वळवून बघणारं शेजारी कोणी नव्हतं. मोरेश्वरने विचारलं, उंची कमी करू का बाई? मी म्हटलं, राहू द्या, माझ्याजवळ दोरी आहे.

त्याने जुने बुश ठोकून काढले. चिरलेले, एका बाजूला पिळलेले. नवे बसवले, बोल्ट नुसते लावले, गाडी चाकांवर उतरवली, बंपरवर उभं राहून दोनदा हालवली आणि खड्ड्यात उतरून आवळले. मी घड्याळ बघत होते. खाली उतरवून आवळायला दहा मिनिटं लागली. एवढंच काम होतं ते.

हात पुसत तो वर आला आणि म्हणाला, "एक सांगू का बाई? सव्वा वर्ष झालं, साहेब आले होते गाडी घेऊन."

"कशाला?"

"आवाजासाठी. मी खड्ड्यातून पाह्यलं आन् म्हटलं, साहेब, हवेत आवळले तुम्ही. म्या तं बाईले सांगतलं होतं. साहेब हासाले लागले. डोयात पाणी येईपर्यंत हासले. म्हणे, म्हणजे तिले माहीत होतं."

मी शेडचा खांब धरला.

"म्या म्हटलं, एका दिवसाचं काम हाये, बदलून देतो. म्हणे, राहू दे. मास्तरीण हाये ते. पोराचं गणित चुकलं तं मधात बोलत नाही, आखरीपर्यंत करू देते. माह्यंही करू देल्लं. आता ते कधी सांगते, पाहतो म्हणे मी."

"अजून काही म्हणाले?"

मोरेश्वरने पायाशी पडलेल्या नटाला लाथ मारली. "म्हणे, आवाज आला का ते गालातल्या गालात हासते. घरात तेवढंच हासते म्हणे. राहू दे."

मी गाडीत बसले, दोरी ओढली, निघाले. रडले नाही, तुम्हाला तेवढं समाधान द्यायची माझी तयारी नव्हती. सव्वा वर्ष! माहीत असून सव्वा वर्ष तुम्ही शेजारी बसून माझ्याकडे बघत होतात. खाटेवरून विचारत होतात, काही सांगायचं आहे का. तुम्ही मला फळ्यासमोर उभं केलं होतंत, माझीच छडी हातात घेऊन, आणि मी "नाही" असं उत्तर लिहून खाली बसले. ताळा करायला तुम्ही थांबलाही नाहीत. इतका दुष्ट माणूस मी पाहिला नाही. आणि इतकं कोणी माझ्याकडे बघितलंही नाही.

मनीषनगरच्या चौकात तो स्पीडब्रेकर आला. गाडी वर गेली, खाली आली. काही नाही. मी वळवून पुन्हा नेली. काही नाही. तिसऱ्यांदा वळवली तेव्हा पानवाला ठेल्याबाहेर येऊन उभा राहिला. गाडी एकदम दुरुस्त झाली होती. मी स्वतः उभी राहून करून घेतली होती.

काल सकाळी मी परत मोरेश्वरकडे गेले. तो शटर उघडत होता.

"काय झालं बाई? आवाज येऊन राहिला का?"

"नाही. म्हणूनच आली. गाडी पुन्हा वर उचला, चाकं लटकू द्या, बोल्ट ढिले करा आणि हवेतच आवळा."

त्याला वाटलं मी भ्रमिष्ट झाले. "बाई, नवे बुश हायेत. खराब होतीन. जाणूनबुजून काहून?"

"हो, जाणूनबुजून," मी म्हटलं. "मागच्या वेळीही जाणूनबुजूनच झालं होतं. तुम्ही मला सांगितलं होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही. मला माहीत होतं."

दोन वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि पडलं ते मोरेश्वर मिस्त्रीसमोर. मग त्याने जॅक ओढत आणला.

"आवाज याले चार-पाच महिने लागतीन, बाई."

"लागू द्या," मी म्हटलं.

मी पाट काढला, खड्ड्याच्या कडेला मांडला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि त्याच्यावर बसले. गाडी वर जायला लागली.